मागची चाकं कुठून येतात?

प्रश्न : गेली दहा-बारा वर्षं मी स्विफ्ट चालवतो. मुंबई, महाबळेश्वर, गोवा, सगळीकडे नेली आहे. आता मामेभावाने तेरा आसनांची ट्रॅव्हलर घेतली आहे, पांढऱ्या पाटीची, घरच्या वापरासाठी. दिवाळीनंतर सगळा गोतावळा घेऊन चिंचवडहून गुहागरला जायचं ठरतंय आणि मामेभाऊ म्हणतो, “अर्धा रस्ता तू चालव.” आमची सौ. म्हणते, नको ते धाडस. वडील म्हणतात, स्टिअरिंग सगळ्या गाड्यांचं गोलच असतं. कोणाचं ऐकू? माझं लायसन चालेल का? आणि एवढी मोठी गाडी पहिल्यांदा हातात घेताना नेमकं काय सांभाळायचं?

उत्तर : वडिलांचं म्हणणं मोकळ्या सरळ रस्त्यावर खरं ठरेल आणि सौभाग्यवतींचं पहिल्या अरुंद वळणावर. गाडी चालवण्याच्या क्रिया त्याच आहेत. क्लच, गिअर, ब्रेक सगळं ओळखीचं आहे. बदलतं ते एवढंच, की गाडी कुठे सुरू होते आणि कुठे संपते याचा जो अंदाज तुमच्या अंगात मुरलेला आहे, तो स्विफ्टचा आहे. ट्रॅव्हलरमध्ये तो जागोजागी चुकतो. कुठे चुकतो हे आधी कळलं, तर एक-दोन सकाळींच्या सरावात तो नव्याने बसवता येतो.

लायसनचं आधी संपवू. हलक्या मोटार वाहनाची, म्हणजे एल.एम.व्ही.ची, कायद्यातली मर्यादा आसनांवर नाही, वजनावर आहे. भरलेल्या गाडीचं कमाल वजन ७,५०० किलोपर्यंत असेल तर ते हलकं वाहन. तेरा आसनांची ट्रॅव्हलर भरून निघाली तरी या मर्यादेच्या पुष्कळ आत राहते. त्यामुळे तुमच्या मोटारीच्याच लायसनवर ती चालते. पिवळ्या पाटीच्या गाडीला वेगळा बॅज लागतो की नाही, यावर वर्षानुवर्षं वाद होता. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो मिटवला : ७,५०० किलोच्या आतलं व्यावसायिक वाहनही एल.एम.व्ही. लायसनवर चालवता येतं. मात्र लायसन चालणं आणि विमा चालणं या दोन गोष्टी आहेत. भावाच्या गाडीची पॉलिसी काढून बघा, ती चालू आहे का आणि प्रवाशांना धरून आहे का. आर.सी.वर जेवढी आसनं लिहिली आहेत तेवढीच माणसं बसवा. “पोरांना काय, मांडीवर घेऊ” हा हिशोब इथे अजिबात नको. त्याचं कारण पुढे येईलच.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही पुढची चाकं वळवता. मागची चाकं कुठे जाणार हे तुम्ही ठरवत नाही, ते गाडीची लांबी ठरवते. वळताना मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेने कधीच येत नाहीत, ती आतून, जवळची वाट काढत येतात. स्विफ्टमध्येही येतात, पण थोडीशीच आतून, म्हणून इतक्या वर्षांत ते तुमच्या ध्यानात आलं नसेल.

किती आतून, ते भूमितीने काढता येतं. स्विफ्टच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर आहे सुमारे २.४५ मीटर. ट्रॅव्हलर अनेक लांब्यांमध्ये येते, आणि मॉडेलच्या नावात ३०५०, ३३५०, ४०२० असे जे आकडे असतात ते याच अंतराचे, मिलिमीटरमधले. आता समजा, पुढच्या चाकांच्या मधला बिंदू सात मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर फिरतो आहे. स्विफ्टची मागची चाकं त्या वाटेच्या सुमारे ४४ सेंटिमीटर आतून जातील. ३३५० ची ट्रॅव्हलर ८५ सेंटिमीटर आतून जाईल, आणि ४०२० ची तर सव्वा मीटरहून जास्त. लांबी वाढली तिसऱ्या हिश्शाने, आणि आत येणं झालं जवळजवळ दुप्पट. कारण हे अंतर लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. म्हणून “थोडीच तर मोठी आहे” हा अंदाज नेमका वळणावर फसतो.

गुहागरची रचना तुम्हाला ठाऊक असेल. लांबच लांब एकच रस्ता, दोन्ही बाजूंना घरं आणि वाड्या, आणि वाडीत शिरायच्या पाखाडीच्या तोंडाशी चिऱ्याचा गडगा. स्विफ्टच्या सवयीने वळलात, तर पुढचं तोंड सुखरूप आत जाईल आणि मागचं चाक गडग्यावर चढेल, नाहीतर दाराचा पत्रा चिऱ्याला घासेल. उपाय असा : वळण दिसलं की लगेच स्टिअरिंग फिरवायचं नाही. सरळ पुढे जायचं, तुमची स्वतःची सीट कोपऱ्याच्या पुढे सरकली की मग वळायचं, आणि वळताना नजर आतल्या बाजूच्या आरशात ठेवायची. आरशात मागचं चाक आणि कोपरा दोन्ही दिसतात. त्यांच्यात फट उरली आहे तोवर चालू ठेवा, फट संपतेय असं वाटलं की थांबा, मागे घ्या, पुन्हा या. एका दमात वळण निघालंच पाहिजे असा काही नियम नाही. एस.टी.चे मुरलेले चालकही अवघड जागी दोन दमात वळतात.

यात आपल्याकडच्या रस्त्यांचा एक खास धोका आहे. डावीकडे वळण्यासाठी तुम्ही उशिरा आणि जरा रुंद वळायला निघालात, की डाव्या बाजूला जागा मोकळी दिसते. ती दिसली की मागून येणारा दुचाकीवाला तिथे शिरतो. त्याला वाटतं, गाडी सरळ चालली आहे. तुमचं मागचं चाक नेमकं त्याच जागेवरून जाणार असतं. म्हणून इंडिकेटर खूप आधी द्या, वेग माणसाच्या चालीवर आणा आणि स्टिअरिंग फिरवण्याच्या अगदी आधीच्या क्षणी डावा आरसा पुन्हा बघा. या संपूर्ण उत्तरातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. पत्रा ठोकून सरळ करता येतो.

चाकं आत येतात, तसं शेपूट बाहेर जातं. मागच्या चाकांच्या मागे गाडीचा बराच भाग लोंबत असतो. उजवीकडे जोरात वळलात की मागचा डावा कोपरा आधी डावीकडे झुकतो आणि मग गाडीमागे येतो. भिंतीला किंवा दुसऱ्या गाडीला अगदी खेटून उभी केलेली ट्रॅव्हलर काढताना लोक याच कोपऱ्याने घासतात, आणि मग “मी तर पुढेच चाललो होतो” म्हणून चकित होतात. खेटून उभे असाल तर आधी एक-दोन मीटर सरळ पुढे घ्या, मग वळा. याच लोंबत्या भागामुळे फेरीबोटीच्या उतारावर किंवा खोल गटाराच्या कडेवर मागचा बंपर टेकतो. तिथे अगदी सावकाश.

डाव्या बाजूचा अंदाज का चुकतो, तेही सांगतो. तुम्ही उजवीकडे बसता. रस्त्यावर तुमचं शरीर मधल्या पट्ट्यापासून किती दूर असावं, याची सवय वर्षानुवर्षांची आहे आणि नव्या गाडीतही तुम्ही नकळत तेवढ्याच अंतरावर बसता. मग गाडीची जास्तीची रुंदी सगळी डावीकडे जाते. उजवीकडून सगळं ठीक वाटतं आणि डावं चाक साइडपट्टीच्या खाली उतरलेलं असतं. घाटात तिथे साइडपट्टी नसते, गटार असतं किंवा कठडा. यावर सोपा सराव आहे. मोकळ्या रस्त्यावर डावी चाकं कडेच्या पांढऱ्या रेषेलगत आणा, आरशात बघून खात्री करा, आणि त्या वेळी ती रेषा समोरच्या काचेत तळाशी कुठे येते ते बघून ठेवा. वायपरचं टोक, काचेवरचं स्टिकर, काहीही खूण धरा. पुढे ती खूणच तुम्हाला डावी बाजू सांगेल.

“उंच बसल्यामुळे सगळं दिसतं” असं मामेभाऊ म्हणेल. लांबचं खरंच छान दिसतं. जवळचं मात्र मोटारीपेक्षा कमी दिसतं. दरवाजाला चिकटून चालणारा सायकलवाला, पुढच्या बंपरखाली वाकलेलं लहान मूल, हे उंचावरून दिसत नाहीत. आतला आरसा तर विसराच, त्यात मावश्यांची डोकी आणि मागच्या बाकावर रचलेल्या बॅगाच दिसणार. सगळी भिस्त बाहेरच्या दोन आरशांवर. ते असे लावा की काचेच्या आतल्या कडेला स्वतःच्या गाडीची अगदी बारीक पट्टी दिसेल आणि बाकी सगळा रस्ता. खाली जास्तीचा छोटा गोल आरसा असेल तर तो मागच्या चाकाकडे वळवा. फुगीर काचेत मागची गाडी असते त्याहून दूर वाटते, हे धरून चाला. उंच बसण्याने आणखी एक फसगत होते : जमीन दूर असल्याने वेग कमी वाटतो. सत्तरला पन्नास वाटतात. म्हणून पहिल्या प्रवासात डोळ्यांवर विश्वास न ठेवता काट्यावर ठेवा.

आता वजनाकडे येऊ, कारण मांडीवरच्या पोरांचं मी अर्धवट सोडलं होतं. मोठी गाडी म्हणजे रस्त्याला धरून बसलेली, स्थिर गाडी, असा सार्वत्रिक समज आहे. तो उलटा आहे. मोटार बसकी असते. वळणावर वेग जास्त झाला तर बहुतेक वेळा ती आधी घसरते. उंच गाडीचा भार वर असतो, त्यामुळे घसरण्याआधी ती कलंडू शकते. आणि प्रवासी बसले की भार आणखी वर जातो, कारण माणसं खिडकीच्या उंचीला बसतात, शिवाय शेवटचा बाक मागच्या चाकांच्या वर किंवा त्याहूनही मागे असतो. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने २००१ मध्ये तिथल्या पंधरा आसनी व्हॅनच्या अपघातांचा अभ्यास करून इशारा दिला होता : दहा किंवा जास्त माणसं असलेल्या व्हॅन कलंडण्याचं प्रमाण कमी माणसं असलेल्यांच्या जवळजवळ तिप्पट होतं. त्या गाड्या वेगळ्या, रस्ते वेगळे. ट्रॅव्हलरला तो आकडा जसाच्या तसा लावू नये. पण कारण तेच आहे आणि ते सगळ्या उंच गाड्यांना लागू आहे.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, सामान टपावर नको. भांड्यांची पेटी, पाण्याचे कॅन, तांदळाचं पोतं, जे जड आहे ते आत, खाली, शक्यतो मागच्या चाकांच्या पुढे. टपावर न्यायचंच असेल तर गाद्या, चटया. दुसरी, रिकाम्या गाडीवर केलेला सराव भरलेल्या गाडीला पुरत नाही. चिंचवडहून सगळे बसल्यावर पहिला अर्धा तास गाडी नवीनच आहे असं समजा. ब्रेक उशिरा लागतो, गाडी वळणावर जास्त झुकते, टेकडीवर एक गिअर खाली लागतो.

ब्रेकबद्दलही एक गैरसमज आहे, की जड गाडीला ब्रेक लागत नाही. कागदावरच्या भौतिकशास्त्रात वजनाने फरक पडत नाही. वजन दुप्पट झालं तर थांबवायला जोर दुप्पट लागतो, पण टायरची रस्त्यावरची पकडही दुप्पट होते. प्रत्यक्षात मात्र फरक पडतो, कारण मोठ्या गाडीचे टायर सहसा टिकाऊपणासाठी बनवलेले असतात, पकडीसाठी नव्हे, ब्रेक जास्त तापतात, आणि आत माणसं असतात. तुम्ही कचकन ब्रेक दाबलात तर तुम्ही स्टिअरिंगला धरून असता, मागे डबा उघडून बसलेली आत्या कशालाच धरून नसते. म्हणून पुढच्या गाडीशी अंतर वाढवा. ताशी ८० किलोमीटर वेगाने तुम्ही सेकंदाला बावीस मीटर जाता. धोका दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद गेला, तर ब्रेक लागण्याआधीच तेहतीस मीटर संपलेले असतात. पट्टे असतील तर सगळ्यांनी लावायचे, मधल्या वाटेत कोणी उभं राहायचं नाही. आणि मोकळ्या पुलावर किंवा भरधाव ट्रकच्या बाजूने जाताना स्टिअरिंग दोन्ही हातांत घट्ट. एवढा मोठा सपाट पत्रा वाऱ्याला चांगलाच लागतो.

मागच्या बाकावर वयस्कर माणसांना बसवू नका. तो बाक मागच्या चाकांपलीकडे असल्याने खड्ड्यात किंवा गतिरोधकावर सगळ्यांत जास्त तोच उसळतो, वळणावर सगळ्यांत जास्त तोच फेकला जातो. पोरांना उलट्या होतात त्याही तिथेच. ज्यांना गाडी लागते त्यांना पुढे, खिडकीशी बसवा आणि गतिरोधकावरून पुढची चाकं उतरली की लगेच वेग घेऊ नका. मागची अजून यायची असतात.

उंची एका कागदावर लिहून डॅशबोर्डला चिकटवा. ही गाडी साधारण अडीच मीटर उंच असते, वर कॅरिअर असेल तर आणखी. मॉलच्या तळघरातल्या पार्किंगची उंची बहुतेक ठिकाणी त्याहून कमी असते. देवळाकडे जाणाऱ्या गल्लीतली फांदी, दुकानाची पुढे आलेली छपरी, लग्नाच्या मांडवाची कमान, मोटारीतून या वस्तू कधी दिसतच नाहीत, कारण त्यांच्याशी संबंध आलेला नसतो.

सरावासाठी रविवारी सकाळी लवकर एखादं मोकळं मैदान गाठा. आकुर्डी-चिंचवडच्या माणसाला या गाडीचं वावडं असू नये. बजाज टेम्पोने १९८७ मध्ये मर्सिडीजच्या आराखड्यावरून ती आणली, आणि हीच आकुर्डीची कंपनी आज फोर्स मोटर्स म्हणून ओळखली जाते. मैदानात विटा मांडून काटकोनाचा रस्ता करा, गाडी जेमतेम वळेल एवढा रुंद. त्यातून डावीकडे, उजवीकडे वळा. कोणती वीट पडते ते उतरून बघा. जवळजवळ नेहमी आतल्या कोपऱ्याची पडेल. मग बाजूला भिंत समजून विटांची रांग लावा आणि तिला खेटून उभी केलेली गाडी बाहेर काढा. तिथे मागच्या कोपऱ्याने पडेल. दोन्ही पडायच्या थांबल्या की सौभाग्यवतींना शेजारी बसवून बाजारातून एक फेरी मारा. त्यांचा विरोध मावळेल, किंवा कारणासह वाढेल. दोन्ही उपयोगाचंच.

शेवटी वाटणीबद्दल. चिंचवडहून कराड-पाटणमार्गे गुहागर तीनशेच्या आसपास किलोमीटर आहे. तुम्ही कराडपर्यंतचा महामार्ग घ्या, कुंभार्ली घाट भावाला द्या. परतताना घाट चढणीचा असेल, तेव्हा हवं तर तुम्ही घ्या, चढण उतारापेक्षा सोपी. आणि पाळी बदलायला दमण्याची वाट बघू नका. पगारी चालकांसाठी १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा पाच तासांहून जास्त सलग काम करू देत नसे, मध्ये अर्धा तास विश्रांती बंधनकारक करत असे. सराव असलेल्या माणसासाठी कायद्याने एवढी काळजी घेतली होती. नवख्याने दोन तासांवर उतरून चहा घ्यावा.

प्रश्न : घाट उतरताना आमच्याकडचे काही ड्रायव्हर गाडी न्यूट्रल करतात. म्हणतात डिझेल वाचतं. मोठ्या गाडीत हे बरोबर आहे का?

उत्तर : नाही, आणि डिझेलही वाचत नाही. आधी डिझेलचंच बघू. गाडी गिअरमध्ये आहे, पाय अॅक्सिलरेटरवरून काढलेला आहे आणि उतार गाडीला ढकलतो आहे, अशा वेळी चाकंच इंजिन फिरवत असतात. नव्या इंजिनाचा संगणक हे ओळखून डिझेल पूर्ण बंद करतो. जुन्या यांत्रिक पंपातला गव्हर्नरही हेच काम करत असे. न्यूट्रल केलं की चाकांचा आणि इंजिनाचा संबंध तुटतो आणि इंजिन बंद पडू नये म्हणून त्याला थोडं डिझेल द्यावंच लागतं. म्हणजे ज्या उतारावर फुकट जायचं, तिथे न्यूट्रलवाला डिझेल जाळतो. काही जण त्यावर ताण म्हणून इंजिनच बंद करतात. तसं केलं की ब्रेकला आणि स्टिअरिंगला इंजिनाकडून मिळणारी मदत जाते आणि दोन्ही दगडासारखे जड होतात.

खरा धोका उष्णतेचा आहे. भरलेली गाडी चार टनांची धरा आणि घाट सहाशे मीटर उंचीचा. एवढं वजन एवढ्या उंचीवरून खाली आणताना जी ऊर्जा सुटते, तिच्यात पंचाहत्तर लीटर पाणी साध्या पाण्यापासून उकळीपर्यंत येईल. चार-पाच माणसं बसलेल्या मोटारीत हाच हिशोब पंचवीस लीटरच्या आत राहतो. काही भाग हवा आणि रस्ता खातात. उरलेली ऊर्जा जायला दोनच जागा आहेत : इंजिन किंवा ब्रेक. न्यूट्रलमध्ये इंजिनाची वाट बंद, सगळा भार ब्रेकवर. ब्रेक फार तापले की लायनरची पकड सुटते. त्याहून तापले आणि ब्रेक ऑइल जुनं, पाणी शोषलेलं असलं, तर नळीत वाफ धरते. मग पॅडल मऊ होऊन खाली जातं आणि गाडी थांबत नाही.

म्हणून ज्या गिअरमध्ये घाट चढाल, त्याच गिअरमध्ये उतरा ही जुन्या चालकांची शिकवण आजही खरी आहे. त्यात एक भर घालतो. डिझेल इंजिनात हवा कोंडणारी झडप पेट्रोलसारखी काम करत नसल्याने त्याचा अडवण्याचा जोर थोडा कमी असतो, त्यामुळे शंका आली तर आणखी एक गिअर खाली. आणि हे उतार लागण्याआधी, घाटमाथ्यावरच करा. गाडी वेगात सुटल्यावर खालचा गिअर पडत नाही, आणि त्या धडपडीत ती न्यूट्रलमध्येच राहते.

इंजिन धरून असतानाही ब्रेक लागतीलच. ते सतत हलके दाबून ठेवू नका. दाबा, वेग उतरवा, पूर्ण सोडा. सोडलेल्या वेळात त्यांना वारा लागतो. जळका वास आला तर रुंद जागा बघून बाजूला थांबा, गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाखाली मोठा दगड लावा आणि ब्रेक आपोआप थंड होऊ द्या. त्यांच्यावर पाणी ओतायचं नाही, तापलेला ड्रम किंवा डिस्क तडकू शकते. आणि अरुंद जागी समोरून चढणारी गाडी आली तर उतरणाऱ्याने थांबायचं असा वाहतुकीचा नियमच आहे. चढावर थांबलेल्या भरल्या गाडीला पुन्हा निघणं किती अवघड, हे तुम्हीही परतताना अनुभवाल.

प्रश्न : मोठी गाडी रिव्हर्स घेताना मागे उभं राहून सांगणाऱ्याने नेमकं कुठे उभं राहावं? आमच्याकडे सगळेच सांगतात आणि तरीही गाडी ठोकते.

उत्तर : सगळेच सांगतात म्हणूनच ठोकते. एकाने सांगायचं, बाकीच्यांनी गाडीपासून दूर आणि गप्प राहायचं. सांगणाऱ्याने मागे मधोमध उभं राहू नये. तिथून त्याला गाडीचं बूड चांगलं दिसतं, पण चालकाला तो दिसत नाही, आणि भिंत जवळ असेल तर त्याला पळायला जागा उरत नाही. मागच्या उजव्या कोपऱ्यापासून दोन-तीन पावलं बाजूला, चालकाच्या आरशात स्वतःचा चेहरा दिसेल असं उभं राहावं. नियम सोपा आहे : मला आरसा दिसत नसेल, तर चालकाला मी दिसत नाही.

“येऊ दे, येऊ दे” हा आवाज इंजिनाच्या घरघरीत आणि आतल्या पोरांच्या गलक्यात हरवतो. “बस्स” ऐकू येईपर्यंत अर्धा मीटर जातो. म्हणून खुणा आधी ठरवा. एस.टी.तल्या घंटीची पद्धत सगळ्यांना पाठ असते : एक वाजली की थांबा, दोन वाजल्या की चला. पत्र्यावर हाताची थाप मारून हेच करता येतं. थाप ऐकू येत नसेल तर हात वर करून पंजा उघडला की थांबा. आणि चालकाने एक गोष्ट पाळायची : सांगणारा आरशातून दिसेनासा झाला, की त्याच क्षणी ब्रेक. तो पुन्हा दिसेपर्यंत गाडी हलवायची नाही, मागून कितीही हॉर्न वाजोत.

रिव्हर्स सेन्सर किंवा कॅमेरा असेल तर वापरा, पण तो बंपरच्या उंचीचं बघतो. वरची छपरी, लोंबती तार, फणसाची आडवी फांदी त्याला दिसत नाही. ती बघायचं काम सांगणाऱ्याचं. गाडी आत घ्यायची की उलटी घ्यायची असा पर्याय असेल, तर मुक्कामी पोहोचल्यावर उजेड असतानाच उलटी घेऊन ठेवा. सकाळी निघताना तोंड रस्त्याकडे असलं, की बाहेर पडताना दोन्ही बाजूंची वाहतूक नीट दिसते.